अक्काच्या कोंबड्यांची पिसं

माझं माहेर पाचोऱ्याकडलं, म्हणून माझी बोली तुम्हाले जरा वेगळी वाटेल, मी मले-तुले म्हणते आन् हे धुळ्याकडले लोकं माले-तुले म्हणतात, लगीन होऊन आली तेव्हा ह्या गावच्या बाया माझं बोलणं ऐकून तोंडाले पदर लावायच्या. मंग अकरा वर्षं देवपूरले कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या, त्यात शहरातलं मराठी मिसळलं, आता माझी बोली म्हणजे सगळ्या भाज्या एकात टाकल्यासारखी झाली. लिहून घेताना समजून घ्या. नाव सुमन. बाप जिनिंगमध्ये हमाली करायचा, आम्ही चार बहिणी, मी दुसरी. मोठीले नवं लुगडं मिळायचं, धाकटीले मायची मांडी मिळायची, आन् मधल्यांले काय मिळायचं, तर बघायाले मिळायचं. मी जळकी आहे हे पहिलेच सांगून टाकते, नंतर कोणी दुसऱ्यानं सांगावं त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

सासर म्हणजे हेच, तुम्ही बसल्या ते. एक अंगण, दोन दारं. हे दार माझं, समोरचं निळं दार अक्काचं. अक्का म्हणजे माझी जेठाणी, माझ्या मालकाच्या मोठ्या भावाची बायको. जेठ माझ्या लग्नानंतर चारच वर्षांत गेले, अक्काले मूल नाही, बाहेर कुठं गेली नाही, तिथंच राहिली, दोन बिघे वावर करते आन् कोंबड्या पाळते. मले एकच पोरगी, मनीषा. मालक दुसऱ्याचं ट्रॅक्टर चालवतात, पेरणीच्या टायमाले काम आन् बाकीच्या दिवसांत पारावर गप्पा. म्हणून मनीषा अडीच वर्षांची असताना मी मेसचं काम धरलं. सकाळी काळीपिवळी जीप यायची, तिच्यात कोंबून बसायचं, पांझरा नदी ओलांडली की देवपूर, दिवसभर लाटणं, संध्याकाळी दिवे लागायाले घरी. पोरगी अक्काजवळ.

आता काय सांगू तुम्हाले, सांभाळलं तिनं हे खरं. कोणाचं खोटं सांगू नये. पण अडीच वर्षांची पोर दिली आन् साडेतेरा वर्षांची परत मिळाली, असं झालं ना माझं. तिची वेणी अक्काच्या हातची. तिले गोवर आला तेव्हा निंबाचा पाला अक्कानं उशाले ठेवला. ती मोठी झाली ते बी आधी अक्काले कळलं, मले दुसऱ्या दिवशी कळलं, ते बी अक्कानंच सांगितलं, तुनी पोर मोठी व्हयनी, असं, जसं काही शेजारणीले सांगतात. एक गोष्ट मात्र रोजची होती, मी जीपमधून उतरायची तेव्हा मनीषा सडकेवरच्या निंबाखाली उभी असायची. पण मेसवाल्या बाई उरलेल्या पोळ्या द्यायच्या, कधी डब्यात गुलाबजाम टाकायच्या, पोरगी त्या डब्यासाठी उभी राहते असं मी समजायची, कारण डबा हातात पडला का ती पळत निळ्या दारात जायची, मोठी मायले दाखवायाले. अक्काले ती मोठी माय म्हणते. मले आई. आई शब्द काही लहान नाही, पण मोठी माय म्हटलं का मी आपोआप लहान होते का नाही, तुम्हीच सांगा.

लग्न करून दिलं दीपनगरले, जावई तिथं ठेकेदाराकडे कामाले आहे, पोरगा चांगला आहे. पाठवणीच्या टायमाले पोरगी आधी गळ्यात पडली ती अक्काच्या. फोटोवाल्यानं तोच फोटो काढला. अल्बममध्ये आहे, मी ते पान उलटतच नाही.

आन् फोन. अक्काकडे फोन नाही, तिले नको असतो. मंग मनीषा फोन कोणाले करणार, मले. मी उचलला का जेवली का, बरी आहेस का, एवढं झालं का लगेच, मोठी मायले दे. मंग मी माझा फोन, माझ्या पैशानं चार्ज केलेला, माझ्या हातानं अंगण ओलांडून नेऊन द्यायचा, आन् त्या दोघी बोलत बसणार आन् मी उंबऱ्याजवळ उभी. एकदा तर बॅटरी संपली तेव्हा मले बरं वाटलं. मंग वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं.

तर असं चाललं होतं, त्यात मागच्या साली पोरीले दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माहेर एक, पण दारं दोन. बाळंतिणीची खाट कोणाच्या घरात पडणार, हे कोणी बोललं नाही, पण माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. कारण बाळाले न्हाऊ घालायाले बाई येते, बघायाले बठ्ठं, सगळं गाव येतं, ते ज्या दारात येतात ती खरी माय. आन् पोळ्याच्या आसपास बघते तर अक्का आपली जुनी खाट अंगणात काढून तिच्यात नवी सुतळी विणत बसलेली. कोणासाठी, विचारलं नाही मी. दिसत होतं ना.

त्याच्यात पोरगी फोनवर म्हणाली, आई, मी बाळंतपणात मोठी मायच्या कोंबड्या खाणार हां, सांगून ठेव तिले. हसत म्हणाली, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात. अक्काच्या पाच कोंबड्या होत्या, चार लाल आन् एक काळी, पहिल्याच वर्षाच्या तलंगा, उन्हात चालल्या का पिसं अशी चमकायची जशी आत्ताच तेल लावून विंचरली. मी त्याच आठवड्यात धुळ्याच्या बाजारात जाऊन सात कोंबड्या आणल्या. सात. पांढऱ्या, चांगल्या भरलेल्या. विकणारा म्हणाला, मावशी, मोठ्या झालेल्याच न्या, पिलं वाढवायाले तुम्हाले वेळ कुठं आहे. मले ते पटलं, मले वेळ नव्हताच, मले अक्काच्या पुढं जायचं होतं. पाटी अंगणात उतरवली तेव्हा अक्का आली, एकेकीचा पाय धरून बघितला, मानेवरच्या पिसात फुंकर मारून बघितली, आन् म्हणाली, बऱ्या शेतस, पण जुन्या शेतस. जुन्या आहेत म्हणे! मी मनात म्हटलं, हां, झोंबलं हिले.

गणपती उठले, पितर बसले आन् माझ्या कोंबड्यांची पिसं गळायाले लागली. पहिले मानेची. मंग पाठीची. सकाळी दार उघडलं का अंगणभर पांढरी पिसं, मालक म्हणाले, वावरातला कापूस फुटायाच्या आधी आपलं अंगण फुटलं. त्यांना चेष्टा सुचते. आठ दिवसांत कोंबड्या अशा झाल्या का बघवेना, लाल लाल मानी, शेपटाच्या जागी दोन काड्या, भिंतीच्या कडेले अंग चोरून उभ्या. अंडी बंद. येणारी-जाणारी विचारायची, सुमनबाई, ह्या शिजवायच्या आधीच सोलल्या का. आन् समोर अक्काच्या पाचही जणी नवरीसारख्या नटून फिरताहेत, माझ्याच मडक्यातलं पाणी पितात.

मी काय नाही केलं. राख चोळली. निंबाचं तेल चोळलं. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. हात लावला का कोंबड्या अशा किंचाळायच्या का शेजारची माणसं बाहेर यायची. अक्का सूप घेऊन ज्वारी पाखडत होती, तिथूनच म्हणाली, नको धरू त्यासले, दुखस त्यासले. आन् माझी जीभ उचलली गेली. मी म्हणाली, ज्या अंगणावर वांझेची नजर फिरते तिथं पिसं कुठून टिकतील.

बोलली मी असं. आता तुमच्यासमोर बोलायाले बी लाज वाटते, पण तेव्हा बोलून झालं तेव्हा जरा थंड वाटलं, अंगातला काटा निघाल्यासारखं. अक्कानं सूप खाली ठेवलं. ज्वारी अर्धी पाखडलेली, अर्धी तशीच. आत गेली आन् दार लोटून घेतलं, लावलं नाही, लोटलं. त्यानंतर दोन दिवस मनीषाचा फोन आला तर अक्का आतूनच म्हणायची, सांग तिले, मी वावरमा गयी. घरात असून. मी पोरीले तेच सांगितलं. ज्या गोष्टीसाठी मी एवढी वर्षं मरत होती, का पोरीनं फक्त माझ्याशी बोलावं, ती मिळाली, आन् दोन मिनिटांत बोलायचं संपून गेलं. काय बोलावं ते मले माहीतच नव्हतं हो. मंग ती म्हणाली, बरं ठेवते.

शहाणी असती तर तिथंच थांबली असती. पण पोरगी तीन दिवसांनी येणार होती, आन् माझ्या डोळ्यासमोर एकच, का ती जीपमधून उतरेल, अंगणात उभी राहील, एका बाजूले टकल्या कोंबड्या आन् एका बाजूले नवऱ्या, आन् ती काही न बोलता निळ्या दाराकडे वळेल. भर दुपार होती, कापूस वेचणी सुरू झाली होती, अक्का वावरात, गल्लीत कोणी नाही. मी मूठभर ज्वारी घेतली, अक्काच्या कोंबड्यांना तित् तित् केलं, त्या माणसाळलेल्या, लगेच आल्या. पहिली पकडली, काखेत दाबली आन् शेपटीची पिसं ओढली. कशी ओढवली म्हणून विचारू नका. दुसरी. तिसरी. पिसं पदरात. चौथी ती काळी होती, तिनं हातावर चोच मारली, हे बघा, अजून डाग आहे, मी तिची अर्धी शेपटी उपटली तोवर फाटक वाजलं.

अक्का आली. डोक्यावर गाडगं. मी उभी, एका काखेत तिची काळी कोंबडी, हातात काळी पिसं, पदर पिसांनी भरलेला.

तिनं माझ्याकडे बघितलं आन् चालत राहिली. तिच्या दाराकडे नाही गेली, माझ्या बाजूले गेली, भिंतीजवळ जिथं माझ्या टकल्या कोंबड्या उभ्या राहतात तिथं, आन् गाडगं उपडं केलं. उधई होती. वाळवी हो, आम्ही उधई म्हणतो, गाडग्यात शेण आन् ओलं गोणपाट भरून बांधावर पालथं घालतात, दोन दिवसांत खालून भरून येते, पिलांना घालतात. माझ्या कोंबड्या तिच्या पायाशी अशा धावल्या का मले कळलं, ही पहिली वेळ नाही. मी घरात असताना कधी टाकलं नाही तिनं, मी पाण्याले, दळणाले गेली का टाकायची, पितर बसल्यापासून. खालच्या मातीत सुकटीची डोकी पडलेली होती, ती मी रोज झाडायची आन् म्हणायची मांजरानं आणली.

मंग ती माझ्याकडे न बघताच बोलली. म्हणाली, उपट. उपटेल पीस लवकर येस. म्हणजे उपटलेलं पीस लवकर येतं.

मी कोंबडी सोडून दिली. खाली बसली. ती नवी विणलेली खाट तिथंच होती, तिच्या पायाशी. अक्का खाटेवर बसली, गुडघे दुखतात तिचे, आन् तिनं मले सांगितलं, जसं लहान पोरीले सांगतात. का ह्या आजारी नई शेतस. जुनी कोंबडी दर साल ह्या टायमाले पिसं टाकस आन् नवी लेस. पिसं येतात तेव्हा अंडं बंद, दोन कामं एकदम तिच्याकडून होत नाहीत. नव्या पिसाच्या खुंटात रक्त असतं, हात लावला तर दुखतं, म्हणून त्या तुले बघून किंचाळतात. चांगलंचुंगलं खायाले घाल, दीड महिन्यात बघ. मन्या कोंबड्या तलंगा शेतस, त्या पुढला साल टाकतीन. एवढंच. नजर नाही, करणी नाही. मी म्हटलं, मंग तू पहिलेच का नाही सांगितलं. तर म्हणाली, सांगं ना मी, जुन्या शेतस म्हनीसन. सांगितलंच होतं तिनं, पाटी उतरवली त्या दिवशी.

मले रडू आलं. मी तिचे पाय धरायाले गेली, परवाचा शब्द परत घ्यायाले, तर तिनं पाय वर ओढून घेतले आन् म्हणाली, ऱ्हाऊ दे, मी काय साधू नई शे. आन् मंग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या बोलीत सांगते, कारण तिच्या बोलीत सांगायाले गेली का मले पुढं बोलता येत नाही. म्हणाली, अकरा वर्षं मी बी जळली. दिवसभर पोर माझ्या मांडीवर, माझ्या हातचं खाणार, माझ्याजवळ झोपणार. पण सांज झाली आन् सडकेवर जीपचं हॉर्न वाजलं का हातातला घास टाकून पळायची. घास टाकून, सुमन. मी म्हणायची, अगं खाऊन जा, तुझी माय काही पळून जात नाही. ऐकायचीच नाही. एकदा मी दाराले कडी लावली, तर पोर दारावर डोकं आपटून रडली. तेव्हापासून मी दार लावत नाही. लोटते.

मी म्हटलं, ती डब्यासाठी यायची. अक्का म्हणाली, तू सुट्टीच्या दिवशी घरी असायची तेव्हा बी ती त्या टायमाले निंबाखाली जाऊन उभी राहायची का नाही, कोणता डबा होता तेव्हा.

हे मले माहीत होतं हो. मी बघितलेलं होतं. मी हाका मारून आणायची, अगं मी इथं घरात आहे, कशाले उभी राहिली. आन् ती म्हणायची, विसरलीच मी. बघितलं होतं, पण ते माझ्या बाजूनं मोजायचं असतं हे सुचलंच नाही. जळणाऱ्याले दुसऱ्याचं ताट तेवढं दिसतं.

मनीषा आली ती तीन दिवसांनी. जीपमधून उतरली, एवढं पोट घेऊन अंगणात उभी राहिली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आन् म्हणाली, ह्या बठ्ठ्या कोंबड्यांले झालं काय. अक्का म्हणाली, तुनी माय आन् मी, आम्ही दोन्ही जणींनी त्यासले तयार करं. पोरीले काही कळलं नाही, अजून माहीत नाही, तुम्ही छापलं तर कळेल. भाकरतुकडा ओवाळायाले दोघींच्या हातात तुकडे होते, दोघींनी घरून करून आणलेले. अक्कानं तिचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी दोन्ही तुकडे ओवाळून टाकले. आन् मंग तिनं मालकांना हाक मारली, म्हणाली, धरा हो खाट, ही सुमनच्या घरात न्यायची शे. पहिलं बाळंतपण मायना घर. ती सुतळी तिनं माझ्या घरासाठी विणली होती, का आधी स्वतःसाठी विणली आन् मंग मन वळवलं, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारू नये. मी एवढंच म्हटलं, मंग तू बी इकडेच झोपायाले ये, मले एकटीले भीती वाटते.

पोरगी झाली. नात. चांगली आहे, नाकीडोळी नीटस. कोंबडी अक्कानं स्वतःची दिली, ती काळी, म्हणाली, हिनी शेपटी अर्धीच उपटेल शे, बरी दिसत नई, हिलेच काप. चूल माझी, मसाला अक्काच्या पाट्यावरचा, रस्सा मी ढवळला. मनीषानं पहिला घोट घेतला आन् म्हणाली, अं, मोठी मायच्या हातचा मसाला. मी परत जळली. खोटं कशाले सांगू. पण ह्या वेळी मी अक्काकडे बघून म्हटलं, बघ, जळली मी. अक्का म्हणाली, माले धूर दिसला. आन् आम्ही दोघी हसलो, पोरगी बघतच राहिली.

सव्वा महिना झाल्यावर मनीषा दीपनगरले परत गेली. तोवर माझ्या साती कोंबड्यांले पिसं आली होती, अशी दाट, अशी पांढरी, का पहिलेपेक्षा बरी. अक्काच्या तिघींची शेपटं त्याच्या बी आधी आली. आता पितर आले का तिच्या बी गळतील, मी उधईचं गाडगं भरायाले शिकून घेतलं, सुकट आणून ठेवली आहे, तिच्या कोंबड्यांसाठी.

जावयानं मागच्या महिन्यात अक्कासाठी फोन पाठवला, जुनाच, पण चांगला. मी म्हटलं, घे आता, म्हणजे मनीषा सरळ तुझ्याशीच बोलेल. वरून असं म्हटलं, पण आतून माझा जीव गेला, कारण मंग तर मले आवाज बी ऐकायाले मिळणार नाही. अक्कानं फोन हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आन् परत दिला. म्हणाली, माले नको. पोरना फोन उना म्हनजे तू आंगण ओलांडीसन येस. नई ते तू कसाले येशी.

पोरीचा फोन आला का मी अंगण ओलांडून येते, म्हणून हिले फोन नको. मी तो फळीवर ठेवून दिला.

थांबा हं, वाजतोय. बघा, दीपनगरच. पहिले विचारेल जेवली का, आन् मंग काय म्हणेल ते तुम्हाले आता माहीतच आहे. देव सुखात ठेवो पोरीले, दोघींचा जीव तिच्यात आहे. तुम्ही चहा घ्या, मी एवढा अक्काले देऊन येते.